दिवसाची वीज



महाराष्ट्रातील शेतकऱ्याला विजेच्या प्रश्नाची ओळख आकडेवारीतून झालेली नाही. ती मध्यरात्री हातात बॅटरी घेऊन विहिरीकडे जाताना झाली. पाळीची वीज रात्री येते, म्हणून पिकाला पाणीही रात्रीच द्यावयाचे. मग बांधावर साप असो की उसात बिबट्या. सौर ऊर्जेचे सर्वांत सरळ समर्थन येथे आहे. सूर्य दिवसा तळपतो आणि पंपही दिवसाच चालावयास हवा; वीज साठविण्याचा बिकट प्रश्न या एका ठिकाणी फारसा उद्भवतच नाही. शेतीच्या फीडरना सौरवीज पुरविण्याची राज्याची योजना २०१७ साली निघाली व २०२३ मध्ये तिला मोठे रूप देण्यात आले, ते याच हिशेबावर.

आशेला दुसराही आधार आहे. २०१० च्या सुमारास देशात सौरविजेचा दर युनिटला दहा रुपयांहून अधिक होता. २०१७ साली राजस्थानातील भडला येथील लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर उतरला. जर्मनीने दिलेली दराची हमी आणि चीनने उभारलेले प्रचंड कारखाने यांनी ही स्वस्ताई घडविली. श्रीमंत राष्ट्रांची हौस म्हणून जिची टवाळी होई, ती वीज आता नव्या कोळसा-केंद्राच्या विजेहून स्वस्त पडते.

तरीही हुरळून जाण्याचे कारण नाही. २०२५ साली देशाच्या स्थापित क्षमतेत सौर, पवन, जल, अणू आदी साधनांचा एकत्रित वाटा निम्म्यावर गेला. प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास मात्र कोळशाचीच राहिली. दिवेलागणीला सौरपट्टी निजते, आणि घराघरांतील दिव्यांना चंद्रपूरच्या चिमण्यांचाच आधार उरतो.

आणि जमीन? एका मेगावॉटला चार-पाच एकर लागते. मुंबईला निर्धूर वीज मिळावी म्हणून मावळातील भातखाचरे बुडविण्यास निघालेल्या टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला. सेनापती बापट तुरुंगात गेले, धरण झालेच. राज्याच्या आजच्या योजनेत जमीन विकत न घेता हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाड्याने घेण्याची तरतूद आहे. मुळशीच्या तुलनेत ही प्रगती निश्चितच मोठी. पण हे भाडे सातबारावर नाव असणाऱ्याचे. पडीक म्हणून दाखविलेल्या गायरानावर भूमिहीनाची शेळी चरते, तिचे भाडे कोण देणार?

हाच प्रश्न कोळशाच्या टोकालाही आहे. वर्धा खोऱ्यातील खाणींवरच्या कायम कामगाराला निवृत्तिवेतन तरी मिळेल. कंत्राटी मजूर, कोळसा वाहणारा ट्रकचालक, फाटकासमोरचा चहावाला यांची नोंद कोणत्याच वहीत पुरती नाही. चंद्रपूरचे सगळे संच काही उद्याच थंड होणार नाहीत. ही नोंद करून घेण्यास तेवढी वर्षे हाताशी आहेत.