जुन्या टायरांचा हिशेब

श्रोतेहो, आजच्या विषयाचें नांव ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हंसूं येईल. शिक्षण, आरोग्य, संतवाङ्मय असले प्रतिष्ठित विषय सोडून हा म्हातारा जुन्या टायरांच्या नोंदींवर बोलावयास बसला आहे, हें पाहून रेडिओचा कान पिळण्याचा मोह कोणास झाला तर मी त्यास दोष देणार नाहीं. परंतु ज्यांच्या दाराशीं मोटार किंवा निदान फटफटी उभी आहे, त्यांनीं तरी घटकाभर थांबावें. टायर झिजला म्हणजे आपण दुकानांत जातों, नवा बसवून घेतों आणि जुना तेथेंच टाकून घरीं येतों. त्या जुन्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न आपण दुकानदारास कधीं विचारला आहे काय?

मी राहतों तें टेंभुर्णी हें माढा तालुक्यांतील गांव पुणें-सोलापूर हमरस्त्यावर आहे. येथून एक वाट कुर्डुवाडी-बार्शीकडे फुटते व एक पंढरपुराकडे. उजनीच्या पाण्यानें या मुलखांत ऊंस आला, उंसामागून साखर कारखाने आले, आणि गाळपाच्या हंगामांत ट्रक, ट्रॅक्टर व टायरगाड्या यांची रीघ रात्रंदिवस तुटत नाहीं. साहजिकच पंक्चरवाल्यांचीं दुकानें पुष्कळ. आणि दुकान तेथें जुन्या टायरांची उतरंड, हें समीकरणच आहे.

माझ्या लहानपणीं बैलगाडीच्या लांकडी चाकाला लोखंडी धाव असे. ती झिजली म्हणजे लोहार उतरवी, जोड देई, तापवून पुन्हां चढवी. आणि अगदींच निकामी झाली तर तिचे विळे आणि खुरपीं होत. धावेची नोंद कोणी ठेवली नाहीं, व ठेवण्याचें कारणही नव्हतें. कारण ती गांवाबाहेर जात नसे आणि कोणाच्या वाटेसही जात नसे. टायराची जात निराळी. रबर, काजळी आणि पोलादाची तार यांचा तो असा एकजीव गोळा आहे कीं तो मातींत कुजत नाहीं. उघड्यावर पडला तर त्याच्या पोटांत पावसाचें पाणी सांचतें व डेंग्यूच्या डासाला आयतें घर मिळतें. जाळला तर काळाकुट्ट धूर निघतो. आणि स्वस्त जळण म्हणून कांहीं गुऱ्हाळांत व वीटभट्ट्यांत तो जाळला जातो, हें आपल्याकडे गुपित राहिलेलें नाहीं. हवा कोंडून भट्टींत तापविला तर त्यांतून तेल, काजळी व तार सुटीं होतात. या क्रियेस पायरोलिसिस म्हणतात. नीट यंत्रांत, नीट देखरेखीखालीं केली तर ती उपयोगाची आहे. निष्काळजीपणानें केली तर काय होतें, तें जानेवारी २०२५ मध्यें पालघर जिल्ह्यांतील वाडा तालुक्यानें पाहिलें. तेथील अशा एका कारखान्यांतील स्फोटांत कामगार होरपळले आणि त्यांच्या जवळ असलेलीं लहान बालकेंही दगावलीं.

तेव्हां कोणता टायर कोठून निघाला आणि कोठें पोंचला हें कळणें हा केवळ कारकुनी सोपस्कार नव्हे.

हें कळावें म्हणून सरकारनें पूर्वीं कागदाची योजना केली होती. घातक व इतर टाकाऊ पदार्थांसंबंधीं २०१६ सालीं जे नियम झाले, त्यांत वाहतुकीसाठीं नमुना क्रमांक १० सांगितला आहे. याच्या प्रती सात, आणि सातांचे रंग सात. पांढरी प्रत पाठविणाऱ्यानें प्रदूषण नियंत्रण मंडळास धाडावयाची. पिवळी स्वतःपाशीं ठेवावयाची. उरलेल्या पांच गाडीबरोबर निघावयाच्या. माल उतरला म्हणजे गुलाबी घेणाऱ्याची, नारिंगी गाडीवाल्याची, हिरवी मंडळाची, निळी परत पाठविणाऱ्याकडे. आणि माल परराज्यांतून आला असेल तर करडी त्या राज्याच्या मंडळाकडे. माझ्यासारख्या मास्तराला ही रचना पाहून कौतुक वाटतें, हें मी लपवीत नाहीं. ज्यानें ती योजिली त्याच्या डोक्यांत व्यवस्था होती. निळी प्रत परत आली नाहीं तर पाठविणाऱ्यानें समजावें कीं माल वाटेंत कोठेंतरी मुरला. परंतु हमरस्त्यावर जुने टायर भरून जाणाऱ्या एखाद्या छोट्या हत्तीच्या चालकापाशीं मीं हें इंद्रधनुष्य कधीं पाहिलें नाहीं. असलीच तर खिशांत एक चुरगळलेली कच्ची पावती असते, आणि तिच्यावर 'माल' एवढाच शब्द असतो.

२१ जुलै २०२२ रोजीं या नियमांत दुरुस्ती झाली आणि टायरांचा हिशेब कागदावरून संगणकावर गेला. तत्त्व सरळ आहे: ज्यानें टायर केला किंवा परदेशांतून आणला, त्यानेंच त्याच्या अंत्यविधीची सोय लावावी. २०२२-२३ या वर्षीं कारखानदारावर २०२०-२१ मधील मालाच्या ३५ टक्क्यांची जबाबदारी आली. पुढच्या वर्षीं ती आदल्या हिशेबानें ७० टक्के झाली. आणि २०२४-२५ पासून पुरती १०० टक्के. जुन्या टायरांपासून नवा उपयुक्त माल काढणाऱ्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलावर प्रमाणपत्रें मिळतात. कारखानदार तीं विकत घेतो व आपली जबाबदारी फेडतो. विवरणपत्रें पोर्टलावरच भरावयाचीं, कागदाचें काम नाहीं. शिवाय, भट्टींत तेल काढण्यासाठीं परदेशांतून जुने टायर आणण्यास याच नियमांनीं बंदी केली, तें फार बरें झालें. दुसऱ्यांचा उकिरडा आपण पैसे देऊन कां विकत घ्यावा?

येथवर सर्व ठीक. आतां मला जें खुपतें तें सांगतों.

टायरांचा जुना माल गोळा करणारा एक तरुण माझ्या आळींत राहतो. माझ्याच हाताखालून गेलेला विद्यार्थी. गांवोगांवच्या दुकानांतून टायर उचलावे, वजनावर विकावे, हा त्याचा धंदा. एके दिवशीं तो मोबाइल घेऊन आला आणि म्हणाला, "गुरुजी, टायराचं सगळं आतां कंप्युटरवर झालंय म्हणतात. माझं नांव त्यांत कुठं भरायचं तेवढं सांगा." आम्ही दोघांनीं तास दीड तास शोधलें. नोंदणी कोणाची? टायर करणाऱ्याची, रिमोल्ड करणाऱ्याची, आणि जुन्यापासून नवा माल काढणाऱ्याची. गोळा करणाऱ्याची नाहीं, वाहून नेणाऱ्याचीही नाहीं. तो म्हणाला, "म्हणजे गुरुजी, मी नाहींच म्हणायचा का?" मीं त्यास चहा दिला, उत्तर देतां आलें नाहीं.

वस्तुस्थिति अशी आहे कीं संगणकावरची नोंद कारखान्याच्या फाटकापाशीं सुरू होते. पंक्चरवाल्याच्या दारापासून त्या फाटकापर्यंतचा जो प्रवास, तोच नेमका अंधारांत राहतो. आणि लबाडी व्हावयाची ती तेथेंच होते. कोणी म्हणेल, वाहतुकीसाठीं ई-वे बिल आहे. आहे खरें. १ एप्रिल २०१८ पासून राज्याराज्यांमधील मालास तें लागू झालें, व त्यानंतर लवकरच महाराष्ट्रांतील वाहतुकीसही. परंतु त्याची सामान्य मर्यादा ५०,००० रुपयांची, आणि राज्यांतल्या राज्यांत महाराष्ट्रानें ती १ लाखाची केली. एका टेंपोंत भरलेल्या भंगार टायरांची किंमत तेथवर कशाला पोंचते? लहान लहान खेपा करणारा मनुष्य कायदा न मोडतांही कोणाच्या नजरेस पडत नाहीं.

नव्या पद्धतीविरुद्ध माझें मन नाहीं, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. आमच्या जवळच्या वरवडे येथील टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा होण्यापूर्वीं, म्हणजे फेब्रुवारी २०२१ च्या आधीं, सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत मीं पुष्कळ ऐकली आहे. ती आतां ओसरली, याचा मला आनंदच आहे. पण शाळेची माहिती संगणकावर भरण्याचा हुकूम आला तेव्हांचाही अनुभव गांठीशीं आहे. दिवसा यंत्र दाद देत नसे, म्हणून आम्ही मास्तर मंडळी रात्रीं बारानंतर जागून मुलांचीं नांवें भरीत असूं, आणि सकाळीं वर्गावर डुलक्या घेत असूं. हजेरीपटावर वर्ग भरलेला आणि बांकांवर मात्र चार मुलें, हें दृश्य कागदाच्या काळांतही होतें आणि संगणकाच्या काळांतही राहिलें. मुलें मोजण्यासाठीं कोणीतरी वर्गांत यावेंच लागतें.

याचा दाखला दूर शोधावयास नको. प्लॅस्टिकच्या कचऱ्यासाठीं अशीच प्रमाणपत्रांची पद्धति आहे. तींत सहा लाखांवर प्रमाणपत्रें खोटीं असल्याचें २०२३ मध्यें केंद्रीय मंडळाच्याच तपासणींत निघालें, आणि गुंतलेल्या कारखान्यांत महाराष्ट्रांतलेही होते. माल हललाच नाहीं, नोंद मात्र सुबक झाली. कागदावर खोटें लिहावयाचें तर हाताला निदान श्रम तरी पडत.

मग करावें काय? मला एक जुनी गोष्ट आठवते. हातानें लिहिलेले सातबारा संगणकावर चढविले तेव्हां त्यांत चुका राहिल्या. कोणाचें क्षेत्र घटलें, कोणाचें नांव बदललें. त्यावर २०१७ सालीं सरकारनें चावडीवाचन केलें. गांवकऱ्यांसमोर उतारे मोठ्यानें वाचावयाचे, ज्याचें चुकलें त्यानें तेथेंच हात वर करावयाचा. माझ्या मतें संगणकीकरणाच्या सबंध खटाटोपांतली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती, आणि ती सुचली कोणाला तर आपल्या जुन्या चावडीला! टायरांच्या बाबतींतही कोणत्या कारखान्यानें किती टन घेतले हें त्या गांवच्या ग्रामसभेंत वाचून दाखवावें. ज्या कारखान्याच्या फाटकांतून वर्षांत चार ट्रक आंत गेले, त्याच्या नांवावर चारशें ट्रकांचा माल वाचला गेला तर समोरच्या चहाच्या टपरीवाल्यास तें तत्काळ कळेल. त्याला पोर्टल उघडतां येत नसेल. ट्रक मोजतां येतात.

दुसरें असें कीं गोळा करणाऱ्यास त्या पोर्टलावर एक रकाना मिळावा, आणि तो मराठींत असावा. नांव, गाडीचा क्रमांक, वजन, कोणास दिलें, एवढें पुरे. उंसाच्या प्रत्येक खेपेची वजनपावती आमच्याकडे अडाण्यांतला अडाणी गाडीवानही जपून ठेवतो, कारण तिच्यावर त्याचे पैसे अवलंबून असतात. टायरवाल्याच्या पावतीवरही कांहीं अवलंबून असूं द्या. प्रमाणपत्राच्या पैशांतला थोडा अंश त्याच्यापर्यंत झिरपला तर तो नोंद करण्यास आपण होऊन पुढें येईल. दंडाच्या धाकानें तो फक्त रात्रींच्या वेळीं गाडी हांकूं लागेल.

तूर्त त्या माझ्या विद्यार्थ्यानें एक शंभर पानी वही घातली आहे. तारीख, दुकान, वजन, गाडी, घेणारा, असे पांच रकाने मीं त्यास आंखून दिले, व तो रोज संध्याकाळीं ती भरतो. अक्षर पूर्वींसारखेंच वाईट आहे. पोर्टलावर त्याच्यासाठीं रकाना निघेल त्या दिवशीं ती सबंध वही आंत चढवून देण्याचें काम मीं पत्करलें आहे.