पट्टा आणि त्याचा ताण

श्रोतेहो, जुन्या उंची मोटारीची श्रीमंती तिच्या लखलखीत बॉनेटवर दिसते. परंतु तिची अब्रू बॉनेटखालच्या एका रबरी पट्ट्याने राखलेली असते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. १९८४ साली जर्मनीत अवतरलेली आणि १९९५ पासून पुण्यातही जुळवली जाऊ लागलेली मर्सिडीजची १२४ क्रमांकाच्या मालिकेतील गाडी घ्या. अशा कितीतरी गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या धन्याकडे असून लग्नाच्या वरातीत भाड्याने फिरतात. अशाच एका गाडीची ही हकिकत आहे.

बेळगावाहून नवरी घेऊन ती गोव्याकडे निघाली होती. गेले काही दिवस सकाळी गाडी सुरू करताच आतून किंचाळल्यासारखा आवाज येई. कोणाच्या तरी सल्ल्यावरून चालकाने पट्ट्याला साबण चोळला होता. आवाज थांबला; दुखणे मात्र राहिले. चोर्ला घाटात बॅटरीचा तांबडा दिवा लागला. "बॅटरी भरत नाही एवढेच, मुक्कामापर्यंत जाऊ," असा चालकाने विचार केला. पुढच्याच वळणावर सुकाणूचे चाक दगडासारखे जड झाले आणि उष्णतेचा काटा चढू लागला. तेव्हा मात्र त्याने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. नवरी दुसऱ्या गाडीने मांडवात पोहोचली. ही गाडी दोराने ओढून परत आणावी लागली.

चालकाचा तर्क जुन्या काळी बरोबर ठरला असता. पूर्वीच्या पुष्कळ गाड्यांत दोन-तीन निरनिराळे पट्टे असत. एक तुटला तरी दुसऱ्याचे काम चाले. या गाडीच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात मात्र लांबट खाचांचा एकच पट्टा वीज उत्पन्न करणारा अल्टरनेटर, पाण्याचा पंप, सुकाणूचा पंप आणि वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर अशी चारही यंत्रे फिरवतो. तो गेला की सारेच थांबते. म्हणून येथे तांबड्या दिव्याचा अर्थ, पाणी फिरणे बंद झाले असेल, तत्काळ थांबा, असा घ्यावा. इंजिनाचे डोके अॅल्युमिनियमचे आहे. ते अति तापले तर वाकते, आणि मग शेकड्यांचा खर्च हजारांवर जातो. या इंजिनातील झडपा साखळीवर चालतात, पट्ट्यावर नव्हे. त्यामुळे वेळीच थांबणाऱ्याचे इंजिन वाचते.

गॅरेजात मालक संतापून म्हणाले, "सहाच महिन्यांपूर्वी नवा पट्टा घातला होता. यानेच निष्काळजीपणे तोडला. नुकसान याच्या पगारातून कापणार!" चालक खाली मान घालून उभा होता. म्हातारे मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी तुटका पट्टा हाती घेतला. त्याची एकच कड झिजून सुटली होती. मग त्यांनी ताण देणारी चाकी, म्हणजे टेन्शनर, बोटांनी हलवून दाखवली. ती डुलत होती आणि फिरवताच बेअरिंग खरखरत होते.

"शेठ, ही चाकी तिरपी झाली आहे. तिने पट्टा कापला. सहा महिन्यांपूर्वीच मी म्हटले होते, दोन्ही बदलू. तुम्ही म्हणालात, पट्टा तेवढा घाला."

मालक गप्प झाले.

मिस्त्रींची कामाची रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यांनी इंजिन गार असल्याची खात्री केली, बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवली आणि पट्ट्याची वाट कागदावर रेखाटली. पट्टा निघालेला असताना त्यांनी प्रत्येक पुली हाताने फिरवून कान दिला. कारण पुलीचा खरा आवाज पट्टा नसतानाच ऐकू येतो. नवा पट्टा जुन्याशी लांबी आणि खाचा मोजून ताडला. नवा टेन्शनर बसवून त्याचा दांडा पान्याने मागे ओढला, पट्टा चढवला आणि दांडा हळूहळू सोडला. एखादी खाच जरी पुलीवरून बाहेर राहिली तरी नवा पट्टा लवकरच फाटतो. म्हणून त्यांनी इंजिन हाताने फिरवून सर्व पुल्या पुन्हा पाहिल्या आणि मगच गाडी सुरू केली.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या रबराच्या पट्ट्याला म्हातारपणी भेगा पडत. आजच्या सुधारित रबराला त्या सहसा पडत नाहीत. त्याच्या खाचा आतून झिजतात. वरून नवा दिसणारा पट्टाही त्यामुळे संपलेला असू शकतो. ताण कमी पडला तर पट्टा घसरतो, फार झाला तर बेअरिंगे मरतात. साबण, मेण यांनी केवळ तक्रारीचे तोंड बंद होते.

पगार कापण्याची गोष्ट त्या दिवशी पुन्हा निघाली नाही. निघताना मालक चालकाला म्हणाले, "पुढच्या वेळी आवाज आला की आधी मला सांग." चालक हळूच म्हणाला, "सांगितला होता, शेठ."

श्रोतेहो, पट्टा तुटतो तेव्हा आपण पट्ट्याला दोष देतो. त्याला ताण कोण देत होते, हे मात्र क्वचितच पाहतो.