घरात कोणता संगणक आणावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विद्वान बोलवावा, त्याने स्त्रीच्या कर्तव्यांवर तासभर बोलावे आणि आपण मनातल्या मनात चहाची वाट पाहावी, असा आपला शिरस्ता. यंदा चिटणीसबाईंनी तो मोडला. "तुमच्या घरात तिन्ही प्रकार वापरून झाले आहेत, तेव्हा तुम्हीच सांगा," असे म्हणून त्यांनी मला येथे उभे केले. मी काही यंत्रांतली जाणकार नव्हे. जन्मभर शाळेत शिकविले आणि निवृत्तीनंतर नातवंडांपाशी संगणक शिकले. त्यांनी मला जेवढा धीर दाखविला, तेवढा मी माझ्या एकाही विद्यार्थ्याला दाखविला नव्हता, हे आज कबूल करते.

विषय मात्र करमणुकीचा नाही. कार्यकारिणीने यंत्रासाठी रक्कम बाजूला काढली आहे आणि त्यावरून गेले दोन महिने आपल्यांत तीन पक्ष पडले आहेत. तरुण सभासद म्हणतात टॅब घ्या, खजिनदारबाई म्हणतात लॅपटॉप घ्या, आणि भांडण मिटावे म्हणून काहीजणी म्हणतात की दोन्ही कामे करणारा, पडदा उलटा फिरणारा टू-इन-वन घ्या. हाच वाद जूनमध्ये आपल्या घराघरांतही होतो.

मुळात यंत्र हवे कशाला, हे आधी आठवू या. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, त्या दिवशी बचत गटाची वही कपाटाच्या खालच्या खणात होती. पाणी ओसरल्यावर हाती आला तो लगदा. बँकेच्या पासबुकातून एकूण जमा कळली. पण कोणी किती उचल घेतली, कोणाचे किती हप्ते फिटले, हे त्या एका वहीतच होते. पुढचे चार महिने आपण एकमेकींशी कशा बोललो, ते मी येथे सांगत नाही. ज्यांना आठवते त्यांना आठवते. दोघी जणींनी तेव्हापासून मंडळात पाऊल टाकलेले नाही, आणि त्या खोटे बोलत नव्हत्या असे मला आजही वाटते. तेव्हा आपल्याला यंत्र हवे आहे ते हिशेब लिहिण्यासाठी. हा मुद्दा मनात पक्का ठेवला की निम्मा वाद आपोआप संपतो.

टॅब म्हणजे थोरला मोबाइलच. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, बोटाने चालतो, मांडीवर घेऊन बसता येते. सिमकार्ड बसणारा घेतला तर घरात वेगळी इंटरनेटची जोडणीही लागत नाही. मात्र सर्वच टॅबांना ती सोय नसते, म्हणून घेतानाच विचारावे. मुंबईतल्या मुलाला, नातवाला पाहायचे, कीर्तन ऐकायचे, अक्षर मोठे करून वर्तमानपत्र वाचायचे, यासाठी टॅबासारखी वस्तू नाही. माझ्या नव्वदीच्या सासूबाई तो चालवितात. त्या टंकलेखन करीत नाहीत, नुसते बोलतात आणि मराठी अक्षरे पडद्यावर उमटतात. "मी सांगते आणि हा लिहितो, आमच्या वेळचे कारकूनसुद्धा इतके ऐकत नसत," असे त्यांचे मत आहे.

पण त्याच टॅबावर मी गटाचा तक्ता करावयास बसले. चाळीस नावे आणि बारा महिन्यांची घरे. लिहिण्यासाठी बोट लावले की पडद्यावर कीबोर्ड उघडतो आणि निम्मा तक्ता झाकून टाकतो. एका घरात लिहावे तर आकडा शेजारच्या घरात पडतो. तासाभराने मी सरळ कागद घेतला. टॅबाला वेगळा कीबोर्ड जोडता येतो हे खरे. पण मग तो मांडायला मेज हवे, त्याची बॅटरी वेगळी सांभाळायची, म्हणजे अर्धा लॅपटॉप झालाच की!

लॅपटॉपचे तसे नाही. तो दीड ते दोन किलोचा, मांडून बसावा लागणारा, जरा पोक्त गृहस्थ. पण लिहायचे, बेरजा करायच्या, अर्जाला चार कागद जोडायचे, छापून काढायचे, तर तोच. मराठी कसे लिहावे ही भीती बाळगू नये. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीसाठी उच्चाराप्रमाणे चालणारा कीबोर्ड मिळतो; इंग्रजी अक्षरांनी उच्चार लिहावा, मराठी शब्द उमटतो. ज्यांनी शासनाच्या टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या आहेत त्यांची बोटे तर त्यावर विळीवर चालावी तशी चालतात.

आता टू-इन-वन. यात दोन जाती आहेत. एकाची बिजागरी अशी की पडदा पूर्ण फिरून पाठीला लागतो. दुसऱ्याचा कीबोर्ड सुटा करून बाजूला ठेवता येतो. साधारण २०१२ पासून ही यंत्रे बाजारात दिसू लागली. दुकानात विक्रेता तो पडदा गर्रकन फिरवून दाखवितो तेव्हा फार मोह होतो. मुलाने नवा घेतला तेव्हा त्याचा जुना माझ्याकडे आला, म्हणून मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी सोफा-कम-बेड आहे. पाहुण्यांना तो बसायला नीट नाही आणि झोपायलाही नीट नाही. आणि सहा महिन्यांनी तो उघडायचाच कोणी सोडून देते. फिरत्या पडद्याचे तसेच झाले. टॅब करून हातात धरावा तर दीड किलोने मनगट दुखते, म्हणून वर्षभर तो लॅपटॉपसारखाच वापरला. मग त्या बिजागरीचे ज्यादा पैसे कशाला दिले?

तरी त्याची निंदा मी सरसकट करणार नाही. त्याच्या पडद्यावर खास पेनाने लिहिता येते. गणित सोडवून दाखविणारी शिक्षिका, रांगोळीचे किंवा कापडाचे नमुने काढणारी, शिवणाचा आराखडा करणारी बाई, अशांना तो खरोखर उपयोगी. माझी सून शिकवण्या घेते आणि आता तो तिच्याकडे रोज वापरात आहे.

किमती रोज बदलतात, म्हणून अंदाजच सांगते. बरा टॅब पंधरा-वीस हजारांत, कामाचा लॅपटॉप पस्तीस-चाळीस हजारांच्या पुढे, फिरत्या पडद्याचा त्याहूनही बराच वर. स्वस्ताईला मात्र भुलू नये. २०११ साली केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा टॅब काढला होता. सरकारला तो २,२५० रुपयांच्या आसपास पडे. कल्पना उत्तम होती. पण पडद्यावर बोट दाबून दाबून मुले कंटाळत आणि बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकी.

आपल्याकडची खरी परीक्षा मात्र दुकानात होत नाही, ती पावसाळ्यात होते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडात कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. टॅब पॉवर बँकेवर चालू राहतो, हा त्याचा मोठा गुण. लॅपटॉपला इन्व्हर्टर लागतो; मोबाइलच्या नव्या चार्जरसारखे टाइप-सी तोंड असलेला घेतला तर निदान एक चार्जर बिघडला म्हणून काम अडत नाही. आणि पाणी चढू लागले की तिन्ही यंत्रे काखेत मारून माळ्यावर नेता येतात. मेजावरच्या मोठ्या संगणकाचा विचार आपण म्हणूनच केलेला नाही.

दुसरी परीक्षा दुरुस्तीची. नातवाच्या हातून टॅब पडला, काच तडकली. ती काच चिकटविलेली असते, आपल्याकडे भाग मिळेना, पुण्याला पाठवावा तर पावसात वरंध घाटाचा भरवसा नाही. आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून मी तो टॅब खणात ठेवून दिला. साध्या लॅपटॉपचा कीबोर्ड किंवा बॅटरी बदलणारा कारागीर महाडात मिळतो. पोलादपूरच्या भगिनींनी तर आधी कारागिराला विचारावे आणि मग दुकानात जावे.

कोणी जुना लॅपटॉप स्वस्तात देऊ लागला तर एक विचारा: यावर विंडोज ११ चालते का? कारण विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. रॅम निदान ८ जीबी असावी आणि साठवण एसएसडी प्रकारची. हे तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्यावेत, दुकानदार लगेच नीट बोलू लागतो.

आणखी एक गोष्ट, ती जरा कडू आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा ज्या घरात एकच मोबाइल होता, तेथे तो बहुधा मुलाच्या हातात होता. मुलगी त्याचे झाल्यावर, भांडी घासून, रात्री अभ्यासाला बसे. मी हे माझ्या ओळखीच्या घरांत पाहिले आहे, आणि त्यांत माझेही एक घर धरा. आता यंत्र आणाल तेव्हा ते कोणाच्या नावाने येते याकडे लक्ष असू द्या. "तिला काय, टॅब पुरे" असे म्हणून मुलाला लॅपटॉप घेऊ नका. एस.टी.ने पोलादपूरहून महाडच्या कॉलेजात येणाऱ्या मुलीला प्रकल्पाची वीस पाने लिहायची असतात, आणि ती पाने टॅबावर बोटाने लिहून होत नाहीत.

तेव्हा माझे मत विचाराल तर मंडळाने चौदा इंची साधा लॅपटॉप घ्यावा. घरात दहावीपुढचे कोणी शिकत असेल तर तेथेही लॅपटॉपच. घरात लिहिणारे कोणी नसेल, वडीलधारीच असतील, तर खुशाल टॅब. टू-इन-वन पेनाने काम करणारीनेच घ्यावा. तरुण सभासद रागावतील, पण त्यांच्या हातात मोबाइल आहेतच.

राहिला त्या वहीचा प्रश्न. यंत्रसुद्धा बुडते, हे विसरू नये. दर महिन्याचा तक्ता इंटरनेटवरच्या साठवणीत एक, पेनड्राइव्हवर एक, आणि छापलेला कागद एक, असा तीन ठिकाणी राहील. २०२१ च्या पुरात फोनही बंद पडले होते, म्हणून कागद हवाच. तो महाडात न ठेवता पोलादपूरच्या सभासद भगिनींकडे पाठवावा, त्यांचे घर उंचावर आहे आणि त्यांनी होकार दिला आहे. येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता जुन्या नोंदी भरावयास बसू. प्रत्येकीने आपले पासबुक आणि पावत्या आणाव्यात. त्या दोघींकडे मी स्वतः जाऊन आमंत्रण देणार आहे. खजिनदारबाईंनीही माझ्याबरोबर यावे, अशी त्यांना विनंती आहे.