घरची पूटीन

ज्या पदार्थाच्या नावाचाच अर्थ ‘गोंधळ’ असा होतो, त्याची कृती नीटनेटकी कशी सांगावी, असा प्रश्न कोणालाही पडेल. कॅनडातील क्वेबेक प्रांताचे फ्रेंचभाषी लोक ज्याला ‘पूटीन’ म्हणतात, तो पदार्थ म्हणजे बटाट्याचे तळलेले काप, त्यांवर ताज्या चीजचे खडे आणि वरून कढत रस्सा. पाहणाऱ्याला ती निव्वळ कालवाकालव वाटते. परंतु या कालवाकालवीलाही शिस्त आहे.

हा पदार्थ फार प्राचीन नव्हे. माँट्रिऑल आणि क्वेबेक शहर यांच्या दरम्यानच्या दुभत्याच्या मुलखात, १९५० नंतरच्या दोन दशकांत तो रूपास आला. वॉरविक गावी फेर्नाँ लाशांस यांच्या उपाहारगृहात १९५७ मध्ये एका गिऱ्हाइकाने काप आणि चीज एकत्र मागितले, तेव्हा याची पूटीनच होईल, असे ते म्हणाले, अशी आख्यायिका आहे. ड्रमंडव्हिल गावचे झाँ पोल रुआ यांच्या वतीनेही जनकत्वाचा दावा सांगितला जातो. त्यांनी १९६४ मध्ये रश्शासह ही थाळी दिली, असे म्हणतात.

घरी पूटीन करताना प्रथम लक्ष द्यावे ते चीजकडे. हे खडे दुधात रेनेट घालून विरजलेले आणि निवळी काढून टाकलेले असतात. ताजेपणी त्यांतील प्रथिनांची जाळी इतकी लवचिक असते, की चावताना ती दातांवर घासून ‘चूं चूं’ असा आवाज येतो. एकदोन दिवस थंडीत राहिले, की हा आवाज मावळतो. म्हणून खडे त्याच दिवशीचे घ्यावेत व वाढण्यापूर्वी खोलीच्या उष्णतेवर येऊ द्यावेत. आपल्याकडचे पनीर येथे उपयोगी नाही; आंबट घालून फाडलेल्या दुधाचे पनीर उष्णतेने मऊ होऊन ओघळत नाही.

बटाट्याचे जाडसर काप अर्धा तास पाण्यात ठेवावेत, म्हणजे वरचे पिठूळ सत्त्व निघून जाते. नंतर ते कोरडे पुसून दोनदा तळावेत: प्रथम सुमारे १६० अंश सेल्सिअस उष्णतेवर आतून शिजेपर्यंत आणि, थोडे निवाल्यावर, सुमारे १९० अंशांवर सोनेरी होईपर्यंत. रश्शासाठी लोण्यात मैदा तांबूस परतावा, त्यात कोंबडीचे किंवा गोमांसाचे सार थोडेथोडे घालावे, व मिरपूड टाकून तो दाटसर करावा. शाकाहारी मंडळींनी कांदा व अळंबी यांचे सार वापरावे. थाळीत आधी काप, मग चीज, अखेरीस उकळता रस्सा. चीज मऊ व्हावे, विरघळू नये. आणि थाळी तत्काळ खावी.

या पदार्थाला एक वेदनेचा इतिहासही आहे. गावंढळांचे, गरिबांचे खाणे म्हणून त्याची पुष्कळ काळ टिंगल झाली आणि ती टिंगल क्वेबेकच्या लोकांवरही उलटली. पुढे तोच पदार्थ माँट्रिऑलच्या नामांकित भोजनगृहांत पोहोचला व ‘कॅनडाचे राष्ट्रीय खाद्य’ म्हणून मिरवू लागला. निकोला फाबियाँ-ऊएले या अभ्यासकाने २०१७ मध्ये असे मांडले, की ज्या समाजाला या पदार्थावरून हिणवले गेले, त्याचे नाव पुसून तो साऱ्या देशाचा ठरवणे न्याय्य नाही.

म्हणून घरी पूटीन करणाऱ्याने दोन गोष्टींचे भान ठेवावे. चीजचा ताजेपणा जपावा आणि पदार्थ वाढताना त्याच्या गावाचे नावही घ्यावे.