जुना लॅपटॉप, नवी डिस्क

२०२५ च्या दिवाळीत तुम्ही दिलेले जुने लॅपटॉप बेसमेंटमध्ये येऊन पडले, तेव्हा आम्हाला वाटलं, डिस्क बदलायची, विंडोज टाकायचं, झालं! पण १४ ऑक्टोबरलाच विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झालेले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते या म्हाताऱ्या यंत्रांत कुठलं? मग लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर उतरवलं, बायोसमध्ये तिथूनच सुरू व्हायला सांगितलं, एसएसडी बसवली. तासाभराचं काम.

वेळ खाल्ला तो काढलेल्या डिस्कांनी. टकटक वाजणाऱ्या एका डिस्कवर एका काकूंच्या आईचे शेवटचे फोटो होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. डीडीरेस्क्यूने आधी अख्ख्या डिस्कची प्रत काढली, मग त्या प्रतीतून फोटो शोधले. दोन रात्री गेल्या. बरेच मिळाले, काही गेलेच. तेव्हापासून मालकाला फोन केल्याशिवाय आम्ही एकही डिस्क पुसत नाही.

हे लॅपटॉप इथल्याच गरजू शाळकरी मुलांना जातात. एसएसडी मात्र विकतच आणाव्या लागतात, त्यासाठी दाराशी डबा ठेवलाय. आणि हो, लॅपटॉप देताना चार्जर विसरू नका, प्लीज!