सबुरीची धाव

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर पुरे झाले, गळ्यात पदक पडले, की शर्यत संपली असे आपण समजतो. परंतु शरीराच्या दप्तरी ते प्रकरण पुष्कळदा निकालात निघालेले नसते. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाशी जोडणारी कंडरा दुखावली, की दुसरी शर्यत सुरू होते. आणि तीत जिंकतो तो सावकाश धावणारा.

याचे कारण शरीररचनेतच आहे. स्नायूला रक्ताचा पुरवठा मुबलक, कंडरेला तुटपुंजा. म्हणून दम आठवड्यांत परत येतो, कंडरा मात्र महिने मागते. सोबती पुढे निघून गेले, हे शल्य टाचेहून अधिक सलते. पण चाळिशी उलटलेल्या माणसाने ऐकावे ते टाचेचे.

तथापि थांबणे म्हणजे अंथरूण धरणे नव्हे. हाकान आल्फ्रेडसन या स्वीडिश शस्त्रवैद्यांनी १९९८ साली अशा १५ हौशी धावपटूंवरील उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहून दुखरी टाच हळूहळू खाली सोडायची. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. पंधराही जण पुन्हा पूर्वीसारखे धावू लागले. भार हेच औषध ठरले. मात्र मात्रेने घेतलेले.

तेव्हा, श्रोतेहो, वैद्यांच्या सल्ल्याने प्रथम चालावे, मग चालता चालता मिनिटभर धावावे. दुसऱ्या दिवशी बिछान्यातून उतरताना टाच अधिक कुरकुरली, तर कालची मात्रा जास्त झाली असे समजावे. सकाळचे ते पहिले पाऊल, हाच या शर्यतीतला खरा पंच.