शून्य रुपयांचं तिकीट आणि तीन संगम

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज कोडिंग नाही, करिअर नाही, एआय तर अजिबात नाही. आज मी तुम्हाला एका सहलीबद्दल सांगणार आहे. आजी, आई, बाबा आणि मी. सातारा ते सांगली. आणि तीसुद्धा एसटीने.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आम्ही पुण्यात राहतो, आजी साताऱ्यात एकटी राहते. वय ७८. गेल्या दिवाळीत ती न्हाणीघरात पाय घसरून पडली. नशीब, हाड मोडलं नाही. पण त्या दिवसापासून घरात एकच विषय सुरू झाला : आजीला पुण्याला आणायचं आणि साताऱ्याचं घर विकायचं. बाबांनी तर एजंटशी बोलूनही ठेवलं होतं. आजीला विचारलं तेव्हा ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "मला एकदा हरिपूरला न्या. मग काय ते सांगते."

हरिपूर म्हणजे आजीचं माहेर. सांगलीपासून अगदी तीन-चार किलोमीटरवर, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर. आजीचे भाऊ गेल्यापासून तिचं तिथे जाणं सुटलं होतं.

मी लगेच कामाला लागलो. मोठी गाडी, ड्रायव्हर, एसी, सगळं बुक करायला घेतलं. एक्सेल शीट बनवली. आजीला फोन केला, तर म्हणाली, "आरं, गाडी कशाला? एसटीनं जाऊ. माझं तिकीट लागत न्हाई."

मी म्हटलं, "आजी, पैशांचा प्रश्नच नाही, मी देतोय ना."

त्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "तेच तर."

हे "तेच तर" तेव्हा मला कळलं नाही. वाटलं, म्हातारं माणूस, काटकसर करतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. आणि मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांनाही अर्धं. म्हणजे आमच्या चौघांत आजी फुकट, आई अर्धी, आणि बाबा अन् मी, घरातले दोन कमावते पुरुष, फुल्ल तिकीट! आई अख्ख्या प्रवासात हे ऐकवत होती.

तर फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही स्वारगेटहून साताऱ्याला गेलो. घरी आजीच्या हातची भाकरी आणि भरली वांगी. वांगी कृष्णाकाठची, पांढरट-हिरवी. ज्यांनी खाल्लीत त्यांना वेगळं सांगायला नको. दुपारी कंदी पेढे घेतले. साताऱ्याचा पेढा तपकिरी असतो, कारण खवा चांगला खरपूस भाजलेला असतो, आणि साखर कमी असते. आजीने अर्धा किलो वेगळा बांधून घेतला. "माहेरी रिकाम्या हातानं जात न्हाईत."

संध्याकाळी माहुलीला गेलो. तिथे कृष्णेला वेण्णा मिळते. दोन्ही काठांवर पंतप्रतिनिधी घराण्याच्या काळातली काळ्या दगडाची देवळं आहेत. न्यायासाठी प्रसिद्ध झालेले रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. आणि नदीकाठच्या समाध्यांमध्ये एक समाधी शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची आहे. मी इतक्या वेळा साताऱ्याला गेलोय, मला हे माहीतच नव्हतं. आजी म्हणाली, "तू कधी थांबलास व्हय?" खरंय. आम्ही कायम गाडीतून यायचो, जेवायचो, निघायचो.

रविवारी सकाळी सातारा स्टँड. आजीने पिशवीतून आधार कार्ड काढून हातात धरलं. बस लागल्यावर मी तिला हात द्यायला गेलो, तर तिने दांडा पकडला आणि स्वतः चढली. हळू, पण स्वतः. कंडक्टर आला. तिने कार्ड दाखवलं आणि म्हणाली, "एक कराड." मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट आलं. तिने ते नीट घडी करून पाकिटात ठेवलं. मग माझ्याकडे बोट दाखवलं, "हे तिघं माझ्याबरोबर हायत." मंडळी, आम्ही तिला घेऊन चाललो नव्हतो, ती आम्हाला घेऊन चालली होती!

कराडला प्रीतिसंगम बघितला. कृष्णा आणि कोयना, दोघी महाबळेश्वरच्या डोंगरातून निघतात, वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि इथे अगदी समोरासमोर भेटतात. मग काटकोनात वळून एक होऊन पुढे जातात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. १९६० साली महाराष्ट्र झाला तेव्हाचे पहिले मुख्यमंत्री. त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे, पण १९१३ साली ते जन्मले तेव्हा तो सातारा जिल्हा होता.

यावरून आजीने एक भारी गोष्ट सांगितली. तिच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा लिहिलाय "दक्षिण सातारा". मला वाटलं, तिचा घोळ होतोय. फोनवर शोधलं तर तीच बरोबर! १९४९ साली साताऱ्याचा दक्षिणेकडचा भाग आणि आसपासची संस्थानं मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. आजी म्हणाली, "म्हंजे माझं माहेर आन् सासर एकाच नावाचं हुतं."

इथे माझी शीट कोसळली. मी फोटोंच्या नादात उशीर केला आणि ठरवलेली सांगली बस चुकली. चूक शंभर टक्के माझी. पुढची बस तासाभराने. मी चिडचिड करत कॅब शोधायला लागलो. आजी मात्र बाकड्यावर बसली, शेजारच्या दोन बायकांशी बोलायला लागली आणि पंधरा मिनिटांत त्यांना पेढे देऊन त्यांच्याकडून उकडलेल्या शेंगा मिळवल्या. आईने हळूच म्हटलं, "किती दिवसांनी आई एवढं बोलताना दिसल्या." पुण्यात आमच्याकडे येते तेव्हा आजी फारशी बोलत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पेठनाक्याला हायवे सुटतो आणि आष्ट्याच्या रस्त्याने बस सांगलीकडे निघते. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच उसाच्या लांबलचक ट्रॉल्या, त्यांच्यामागे मुकाट्याने चाललेली आमची बस. आजी खिडकीशी होती. मी तिला विचारलं, "लग्नानंतर माहेरी कशी जायचीस?"

ती म्हणाली, "अशीच. एसटीनं. वर्षातनं एकदा, पंचमीला. पण तिकिटाचं पैसं सासूबाईंकडं मागावं लागायचं. कधी द्यायच्या, कधी म्हणायच्या, औंदा राहू दे." मग जरा वेळाने, "आता कुणाला मागावं लागत न्हाई."

तेव्हा मला ते "तेच तर" कळलं. मी गाडीचे पैसे देत होतो, प्रेमाने देत होतो. पण तिच्या दृष्टीने ते पुन्हा कुणाच्या तरी मर्जीने माहेरी जाणंच होतं.

सांगलीत शिरताना आयर्विन पूल लागतो. १९२९ सालचा. पावसाळ्यात अख्ख्या सांगलीचं लक्ष या पुलाच्या पाणीपातळीवर असतं : ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये इथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. फेब्रुवारीत खाली शांत वाहणारं पाणी बघून खरं वाटत नाही. गणपतीचं दर्शन घेतलं, भडंग घेतलं. लसूण आणि लाल तिखटाचं, चुरचुरीत. त्यातलं अर्धं रिक्षातच संपलं.

आणि मग हरिपूर. नाटकवाल्यांना हे गाव गोविंद बल्लाळ देवलांचं म्हणून माहीत असतं, 'संगीत शारदा' लिहिणारे देवल इथलेच. पण आजीचं हरिपूर म्हणजे हळद. इथल्या जमिनीत खोल खड्डे खणून त्यात हळद साठवायचे. त्यांना पेव म्हणतात. "पेव फुटलं" म्हणतो ना आपण, तेच पेव. वरून तोंड अरुंद, आत प्रशस्त. तोंड बंद केलं की आत हवा राहत नाही, त्यामुळे कीड लागत नाही, हळद वर्षानुवर्षं टिकते. आणि म्हणूनच उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, जीव गुदमरतो. आजी सांगत होती, तिचे वडील आधी कंदील सोडून बघायचे. विझला, तर थांबायचं.

२००५ च्या महापुरात इथली पुष्कळ पेवं पाण्याने खराब झाली. आजीच्या माहेरच्या अंगणातलंही. आता घरात तिच्या भावाचा नातू राहतो. त्याने आत्याआजीला वाकून नमस्कार केला आणि जरा ओशाळून म्हणाला, "ते पेव आम्ही मातीनं भरून टाकलं, पोरं पडतील म्हणून." अंगणात आता फरशी आहे. आजी भिंतीपासून पावलं मोजत गेली आणि एका जागी थांबली. "इथं तोंड हुतं." नातू म्हणाला, "बरोबर, इथंच."

ती रडली वगैरे नाही. म्हणाली, "चांगलं केलंस. वापरात नसलं तर धोकाच." आणि चहा प्यायला आत गेली. मी बाबांकडे बघितलं. ते फरशीकडे बघत होते.

संध्याकाळी संगमेश्वराच्या घाटावर बसलो. समोर वारणा येऊन कृष्णेला मिळते. माहुली, कराड, हरिपूर : दोन दिवसांत तिसरा संगम. तिथे आजीने निकाल दिला. "पावसाळ्यात मी पुण्याला येईन, तेव्हा न्हाणीत, अंगणात निसरडं असतं. बाकीचं दिवस सातारा. न्हाणीला धरायला दांडा बसवा. घराला कुलूप लावायचं, विकायचं न्हाई. आन् मला न्यायला गाडी पाठवायची न्हाई. मी येईन, मी जाईन."

बाबा म्हणाले, "आई, अगं एकटी?"

"एकटी कुटं? बसभर माणसं असतात."

बाबांनी एजंटला नाही सांगितलं. दांडा पुढच्याच आठवड्यात बसवला, न्हाणीघराच्या पायरीलाही. जूनमध्ये आजी पुण्याला आली. मी स्वारगेटला घ्यायला गेलो होतो, तेवढी परवानगी होती. उतरली तेव्हा हातात एक पिशवी, आणि पाकिटात शून्य रुपयांच्या तिकिटांची गड्डी, रबर लावून.

काळजी संपली का? नाही. बस साताऱ्याहून सुटली की ती पोहोचेपर्यंत बाबा दर वीस मिनिटांनी फोन करतात, आणि ती उचलत नाही, कारण शेजारच्या बाईशी बोलत असते. हे किती वर्षं जमेल, माहीत नाही. पण तुमच्या घरातल्या आजी-आजोबांसाठी काही ठरवत असाल, तर आधी एकदा त्यांच्याबरोबर एसटीने जाऊन या. तिकीट त्यांना काढू द्या.

आणि हो, बस चुकली तर चिडू नका. शेंगा मिळतात.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!